राहीबाईची जबानी

होळी होऊन गेली होती, ज्वारीची काढणी उरकत आली होती. त्या दिवसांत एका सांजेला राहीबाई रानात कडब्याच्या पेंड्या रचत होती. वडूजच्या पुढं, माळाच्या कडेला त्यांची वस्ती. दिवस मावळला होता, पण अंधार पडायचा होता. पेंडी वर टाकताना तिची नजर आटपाडीच्या अंगाला गेली आणि तिथंच राहिली. आभाळात पांढरं, गोल, चांदणीपेक्षा कितीतरी मोठं काहीतरी थांबलं होतं. हलत नव्हतं, लुकलुकत नव्हतं. खाली काळपट काहीतरी लोंबत होतं. ती बघत उभी राहिली. थोड्या वेळानं त्याच्या शेजारी एक बारकं दिसायला लागलं, ते तिरकं वर सरकलं आणि विझल्यासारखं झालं. मग मोठंही हळूहळू तांबूस होत दिसेनासं झालं.

दुसरी कुणी असती तर घरी येऊन सांगितलं असतं आणि चुलीकडं वळली असती. राहीबाईनं बांधावरच बसून पोलिसांना फोन लावला.

त्याला कारण होतं. तिचा मुलगा जयराज फौजेत होता आणि त्या वेळी सीमेवर होता. तिकडं तणाव होता. टीव्हीवर रोज ड्रोन दाखवत होते, मोबाइलवर मेसेज फिरत होते की आभाळात संशयास्पद काही दिसलं तर कळवा. राहीबाईच्या मनात एवढंच आलं की जयराजच्या डोक्यावर असं काही आलं, तर तिथल्याही कुठल्या बाईनं आळस न करता फोन लावावा.

दुसऱ्या दिवशी एक हवालदार येऊन विचारून गेला. जाताना तो गालात हसत होता. दोन-तीन दिवसांत गावभर झालं. गिरणीत दळण टाकायला गेली की कुणीतरी विचारायचं, "काय वैनी, उडत्या तबकडीतनं कोण उतरलं का न्हाई अजून?" गावाच्या ग्रुपवर कुणी तिचा हळदीकुंकवातला फोटो घेऊन त्याच्या डोक्यावर तबकडी चिकटवली. सून क्रांतीनं तो सासूला दाखवला नाही, पण राहीबाईला कळायचं ते कळलंच. ती गिरणीत जायची थांबली नाही. फक्त दळण ठेवून, तिथं न बसता लगेच माघारी यायला लागली.

तिचा नवरा हंबीरराव फौजेतनं नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी विमानविरोधी तोफांवर काढली होती. साताऱ्यात माजी सैनिकांची बैठक असली की इस्त्रीचा शर्ट घालून एसटीनं जायचे, आणि तिथं त्यांच्या शब्दाला मान होता. गावातली माणसं त्यांना वाटेत गाठायची. "सुभेदार, तुमी तर जन्मभर आभाळच राखलं. तुमचं काय म्हणणं?"

"मी त्या दिवशी आटपाडीला गेलतो," हंबीरराव म्हणायचे. "मी काय बघितलं न्हाई."

आटपाडीला गेले होते हे खरं होतं. तिथं रसूल मुलाणी म्हणून त्यांचा युनिटमधला जोडीदार राहायचा. त्याच्याकडं जेवून ते मोटरसायकलवर परत निघाले होते. दिघंची मागं टाकून चढाला लागले, तेव्हा आरशात पांढरा उजेड दिसला. मागनं गाडी येत असेल म्हणून त्यांनी बाजू दिली. गाडी आली नाही. उजेड आहे तिथंच होता. त्यांनी मोटरसायकल थांबवली, उतरले आणि मागं वळून पाहिलं. पांढरं, गोल, खाली काहीतरी लोंबणारं. बराच वेळ ते रस्त्याच्या कडेला उभे होते. मग परत गाडीवर बसले, आणि घरी पोचेपर्यंत त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण काही पाहिलेलं नाही.

असं का ठरवलं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवे नवे हवालदार झाले होते तेव्हाची गोष्ट. वाळवंटातल्या एका ठाण्यावर पहाटेच्या पहाऱ्यात त्यांना आभाळात दिवा दिसला. त्यांनी खबर दिली. सगळी बॅटरी, म्हणजे तोफांची अख्खी तुकडी, उठली, तोफांवर माणसं चढली, वायरलेसवर धावपळ झाली. उजाडल्यावर कळलं की तो शुक्र होता. साहेब रागावले नाहीत, उलट सावध होतास म्हणाले. पण पोरांनी नाव ठेवलं ते ठेवलंच. हंबीरराव जेवणाच्या रांगेत दिसले की कुणी तरी मोठ्यानं म्हणायचं, "शुक्र है, आ गए." बदली झाली तरी ते नाव त्यांच्या आधी नव्या ठाण्यावर पोचायचं. गावाला मात्र त्याचा पत्ता नव्हता, आणि घरालाही नव्हता.

त्या सांजेला ते घरी आले तेव्हा राहीबाई पायरीवरच बसली होती. ती सांगायला लागली. पांढरं हुतं, गोल हुतं, एका जागी हुतं. हंबीरराव बूट काढता काढता बोलून गेले, "खाली काय लोंबत हुतं का?"

राहीबाई थांबली. "व्हय. तुमाला कसं ठाऊक?"

"असंच इचारलं."

तिनं त्यांच्याकडं नीट बघितलं. परत काही विचारलं नाही.

पुढं चैत्रात वडूजच्या ठाण्यातनं फोन आला की पुण्याहून हवाईदलाची माणसं चौकशीला येणार आहेत. सीमेवरची परिस्थिती बघता आलेली प्रत्येक खबर तपासायचा वरनं हुकूम होता. हंबीररावांना वाटलं, आजवर गाव हसत होतं, आता फौज घरी येऊन हसणार. त्यांनी अंगण झाडून घेतलं, खुर्च्या पुसल्या आणि राहीबाईला म्हणाले, "तू जास्त बोलू नगंस. इचारतील तेवढंच सांग. जमलं तर म्हण की आता नीट आठवत न्हाई."

"आठवतंय की," राहीबाई म्हणाली.

जीपमधनं एक तरुण अधिकारी बाई उतरली, आणि तिच्याबरोबर रविराज नावाचा एक सार्जंट. गळ्यात कॅमेरा, हातात नकाशाची गुंडाळी. बाईनं हंबीररावांना नमस्कार केला. "राम राम साहेब. मी फ्लाइट लेफ्टनंट तरन्नुम मणेर." हंबीररावांचे पाय आपोआप जुळले.

"मणेर म्हंजी कुठलं?" राहीबाईनं विचारलं.

"आटपाडीचेच, मावशी. आजोबा जत्रांतनं बांगड्या भरायचे."

"मग तुमच्या आज्ज्यानं माझ्या हातात भरल्या असतील," राहीबाई म्हणाली. तेवढ्यावर ती मोकळी झाली.

चौकशी घरात झालीच नाही. तरन्नुम म्हणाली, मावशी उभ्या होत्या तिथंच जाऊ. हंबीररावही निघाले. "साहेब, तुम्ही जरा लांब थांबाल का," तिनं आदरानंच सांगितलं. "मला फक्त त्यांचं ऐकायचंय." मग ते बांधावरच्या लिंबाखाली उभे राहिले. तिथनं सगळं ऐकू येत होतं.

उन्हं कलली होती. तरन्नुमनं राहीबाईला हात लांब करून बोट दाखवायला सांगितलं. सार्जंटनं होकायंत्र धरून दिशा घेतली. जमिनीपासून किती वर होतं, ते मुठीवर मूठ ठेवून मोजायला लावलं. राहीबाईनं एक डोळा झाकून मुठी रचल्या. दुसरीवरच थांबावं की जरा वर, हे तिला ठरवता येईना.

"दोन मुठी म्हणा," ती म्हणाली. "पर माझा हात आता थरथरतोय, तवा कसा हुता ठाऊक न्हाई."

"चालेल. आवाज होता?"

"न्हवता. म्हंजी मला आला न्हाई. लांब कुठं ट्रॅक्टरवर गाणी लागली हुती, त्यात गेला असंल तर न्हाई सांगता यायचं."

"किती मोठं असेल?"

"ते न्हाई सांगता यायचं. जवळ असंल तर परातीएवढं, लांब असंल तर देवळाएवढं."

लिंबाखाली उभ्या असलेल्या हंबीररावांना आश्चर्य वाटत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली. ते सुट्टीवर यायचे तेव्हा तिकडच्या गोष्टी सांगायचे आणि राहीबाई ऐकायची. विहिरीला पाणी कवा लागलं, म्हैस कशी अडली, जयराजला ताप आला तेव्हा वडूजला कसं नेलं, हे तिनं ओळीत सांगितलेलं असायचं आणि त्यांनी हूं म्हटलेलं असायचं. ती एखादी गोष्ट अशी उलटीसुलटी करून, खात्री कुठं आणि शंका कुठं हे निवडून सांगते, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

बारक्या दुसऱ्याचंही तिनं सांगितलं. तरन्नुमनं तिला ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. राहीबाईचं उत्तर बदललं नाही.

चहाला सगळे अंगणात बसले. तरन्नुमनं नकाशा उलगडला आणि वडूजच्या बाजूनं एक सरळ रेघ मारली. "एका माणसाच्या बघण्यातनं दिशा कळते, अंतर कळत नाही. दुसऱ्या गावाहून कुणी पाहिलं असतं, तर दुसरी रेघ मारता आली असती. जिथं दोन्ही मिळतात तिथं ती वस्तू. मावशी, तुम्हाला ठाऊक आहे का कुणी पाहिलेलं?"

राहीबाईनं कपातला चहा बशीत ओतला. "मला न्हाई सांगता यायचं," ती म्हणाली. तिनं नवऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, तुम्ही तर एअर डिफेन्सचे. तुमचं मत काय?"

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या. हंबीरराव घसा साफ करून म्हणाले, "आता मी तर नव्हतो, मॅडम. पण असं आहे, आभाळ बघायची सवय नसली की माणूस फसतो. शुक्र असेल."

बोलून झाल्यावर त्यांना आपलाच आवाज परक्यासारखा वाटला. तो शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकला होता.

"असंल," राहीबाई म्हणाली आणि कपबशा गोळा करायला उठली.

"मावशींनी दाखवलं ते पूर्वेच्या अंगाला आहे, आणि शुक्र त्या महिन्यात पश्चिमेला होता, साहेब," तरन्नुम शांतपणे म्हणाली. "तो आम्ही आधीच तपासला." तिनं नकाशा गुंडाळला. मुक्कामाला ते वडूजला होते, सकाळी पुण्याला निघणार होते.

जीप गेली. क्रांती गोठ्याकडं गेली. राहीबाई चुलीपुढं भाकऱ्या थापायला बसली. हंबीरराव दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"मी बी बघितलं हुतं," ते म्हणाले.

राहीबाईनं तव्यावरची भाकरी परतली. "ठाऊक हाय मला."

"कवापासनं?"

"त्याच सांजेपासनं. खाली लोंबत हुतं का म्हणून इचारलंसा. तवर म्या ते सांगितलंच न्हवतं."

"मग मॅडमनी इचारलं तवा का न्हाई बोललीस?"

"तुमी बघितलेलं म्या कसं सांगू? ते तुमचं तुमी सांगायचं." तिनं पुढचा गोळा हातात घेतला, पण थापला नाही. "गाव हसलं त्याचं मला काय न्हाई. गाव कशाला बी हसतं. तुमी शुक्र म्हणालासा, त्याचं वाईट वाटलं."

मग हंबीररावांनी तिला वाळवंटातली ती पहाट सांगितली. नाव कसं पडलं, रांगेत पोरं काय म्हणायची, बदलीच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी सगळे कसे हसले, सगळं. इतक्या वर्षांनी सांगताना ते त्यांना फार मोठंही वाटेना, आणि लहानही वाटेना. राहीबाई हसली नाही.

"म्हंजी कसं वाटतं ते तुमाला ठाऊक हुतं," ती म्हणाली.

तिनं भाकरी थापायला घेतली. ते तिथनं हलले आणि अंगणात जाऊन त्यांनी ठाण्यातनं नंबर घेऊन तरन्नुमला फोन लावला.

सकाळी जीप परत आली. हंबीररावांनी राहीबाईला विचारलं, "येतीस का? कुठनं बघितलं ते दावतो." ती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण तिनं पदर खोचला आणि जीपमध्ये मागं बसली.

दिघंचीच्या त्या चढावर हंबीरराव जिथं थांबले होते तिथं उभे राहिले. दिशा दाखवली, मुठी रचल्या. तीन मुठी भरल्या. सार्जंट रविराजनं मोटरसायकलचा आरसा कसा लावलेला असतो, उजेड आरशात कुठं दिसला, हेसुद्धा विचारलं. कुणी हसलं नाही. आधी का बोलला नाही, असंही तरन्नुमनं विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "भीड वाटली, मॅडम." तिनं मान हलवली.

"आणि साहेब, मावशी म्हणतात तसं शेजारी दुसरं काही दिसलं? बारकं?"

राहीबाई जीपला टेकून उभी होती. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता. हंबीररावांच्या ओठावर 'हो' आलं होतं. इतके दिवस तिला एकटीला टाकलं, त्याची एवढ्यानं थोडी तरी भरपाई झाली असती. तीही त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी परत एकदा ते आभाळ डोळ्यापुढं आणलं. उजेड, खाली लोंबणारं, आणि बाजूला नुसतं रिकामं आभाळ.

"नाही," ते म्हणाले. "मला एकच दिसलं. दुसरं मी पाहिलेलं नाही."

माघारी येताना त्यांनी हळूच राहीबाईला म्हटलं, "तुला वाटलं असंल, ह्यो आता बी..."

"न्हाई दिसलं तर न्हाईच म्हणायचं," ती म्हणाली. "उगंच हो म्हणाला असतासा तर मला पुढं तुमचं कुठलंच खरं वाटलं नसतं." आणि तिनं पिशवीतली शेंगदाण्याची पुडी त्यांच्यापुढं केली. तिच्या मनातला राग पुरता गेला नव्हता. तो पुढं पुष्कळ दिवस मधूनच, मिठावरनं नाहीतर दाराच्या कडीवरनं निघायचा. पण पुडी त्यांनी घेतली.

महिन्याभरानं तरन्नुमचा फोन आला. राहीबाईनं तो स्पीकरवर ठेवला. दोन्ही रेघा जतच्या बाजूला मिळाल्या होत्या. ती वस्तू विमानं उडतात त्याच्या कितीतरी वर होती. शास्त्रज्ञ हवेचा अभ्यास करायला मोठे फुगे सोडतात, खाली यंत्रांची पेटी बांधून. त्यातलाच एक त्या दिवशी वाऱ्यानं इकडं सरकला होता. जमिनीवर दिवस मावळला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, म्हणून तो चमकत होता.

"म्हंजी धोका न्हवता," राहीबाई म्हणाली.

"नव्हता, मावशी. पण तो नव्हता हे कळायला तुमच्या दोघांच्या रेघा लागल्या."

"आणि ते बारकं?"

"त्याचा मेळ बसत नाही. फुगा एकच होता असं ते लोक म्हणतात. मी अहवालात तुमचं म्हणणं जसंच्या तसं ठेवलंय. खुलासा झाला नाही, एवढंच पुढं लिहिलंय."

"बरं केलंसा," राहीबाई म्हणाली.

गावात फुग्याची बातमी पसरली. चार दिवस फुग्यावरनं हसून झालं, मग लोकांना पाण्याच्या टँकरची काळजी लागली आणि तबकडी मागं पडली. जयराजचा फोन आला तेव्हा त्यानं आईकडनं सगळं पहिल्यापासनं ऐकून घेतलं. मग वडलांना म्हणाला, "दादा, तुमी दोघांनी चांगलं केलं." 'दोघांनी' हा शब्द हंबीररावांना टोचला, आणि बराही वाटला.

एका दुपारी पलीकडच्या वस्तीवरची हरणाबाई ताक मागायला म्हणून आली. ताक घेऊन झालं तरी ती जाईना. पदराच्या टोकाला पीळ देत बसली. शेवटी म्हणाली, "वैनी, ते फुग्याचं तुमी म्हणत हुतासा ना, त्याच्या शेजारचं बारकं... त्ये म्या बी बघितलं. शेरडं आणत हुते तवा. तिरकं वर गेलं आन् विझलं."

राहीबाई तिच्याकडं बघतच राहिली. "आगं मग इतके दिस गप का बसलीस?"

"तुमाला हसले ते बघत हुते की. तुमच्या घरात तर सुभेदार हायती, तरी हसले. माझ्या घरात कोण हाय?"

हंबीरराव ओसरीवर होते. ते उठून आत आले. हरणाबाईनं त्यांना बघून डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती उठायला लागली.

"बस," राहीबाई तिला म्हणाली. मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "मॅडमला लावा फोन."

हंबीररावांच्या मनात दहा प्रश्न आले होते. कुठं उभी होतीस, किती वाजले असतील, दिवस कुठला, चुकून दुसरं काही नव्हतं ना. त्यांनी त्यातला एकही विचारला नाही. नंबर लावला, पलीकडनं हॅलो ऐकू येईपर्यंत थांबले, "मॅडम, एक बाई बोलायच्यात तुमच्याशी," एवढं म्हणाले, आणि फोन हरणाबाईच्या हातात देऊन परत ओसरीवर जाऊन बसले.